गोधड्या काढू नयेत

आमच्या कॉलेजच्या सभागृहात भिंतींवर गोधड्या टांगलेल्या आहेत. एक-दोन नव्हे, चांगल्या चौसष्ट. नवा माणूस आत आला की आधी दचकतो, मग बचत गटाचं प्रदर्शन असावं अशी समजूत करून घेतो आणि किंमत विचारतो. डाव्या भिंतीवरची तिसरी, हिरव्या काठाची, माझ्या आईची. तिच्यात माझा पाचवीतला फ्रॉक आहे आणि वडिलांचे गिरणीत वापरून वापरून पांढरे पडलेले दोन सदरे आहेत. या गोधड्यांना हात लावायची कोणाला परवानगी नाही. विद्यापीठाच्या समितीने तसा लेखी शेरा मारला आहे आणि तो काचेच्या फ्रेममध्ये दाराशी लावलाय : ‘सभागृहातील गोधड्या काढू नयेत.’ मी घरी जाऊन हा शेरा मोठ्या अभिमानाने सांगितला, तेव्हा आई म्हणाली, “कमिटीला काय जातंय? आमी काय पांघरायचं थंडीचं?”

हा सगळा उपद्व्याप आमच्या सरांचा.

सर आम्हाला संगीत तंत्रज्ञान शिकवायचे. नगरला (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीच्या कंडक्टरपासून आमच्या आईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी नगरच) असा काही कोर्स असतो, हे माझ्या नातेवाइकांना अजून पटलेलं नाही. “म्हंजी गानं का कंप्युटर?” असं आत्या विचारते. दोन्ही, म्हटलं की ती म्हणते, “मंग त्यातलं एक तरी धड येतं का?”

सर बुटके, रुंद, आणि कान चांगले सुपाएवढे. सदऱ्याच्या खिशात पेन नसायचं, कापसाची पुडी असायची. एसटीत बसले की दोन्ही कानांत बोळे. रिक्षात बोळे. प्राचार्यांच्या मीटिंगलाही बोळे घालून बसायचे, आणि हे प्राचार्य सोडून सगळ्यांना माहीत होतं. “कान म्हणजे काय धर्मशाळा आहे का,” म्हणायचे, “की कुणीही यावं आणि पथारी पसरावी?” मूळचे सुप्याकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी त्यांची साउंड सर्व्हिस होती; लग्न, जत्रा, सप्ताह, निवडणूक, जिथे म्हणाल तिथे स्पीकर बांधायला जायचे. चाळिशीला आल्यावर सगळे भोंगे विकून टाकले आणि पोरांच्या वयाच्या पोरांबरोबर बसून ध्वनीचं शिक्षण घेतलं. वर्गात शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे, पण एखादा आवाज मनापासून आवडला की सुप्याची बोली बाहेर यायची. “लई ग्वाड!” हे त्यांच्याकडून मिळणारं सर्वोच्च प्रमाणपत्र होतं. तीन वर्षांत मला ते चार वेळा मिळालं.

त्यांची एक सवय सगळ्या नगरला ठाऊक होती. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की दारातच थांबायचे आणि एक टाळी वाजवायचे. एकच, खणखणीत. मग मान तिरपी करून, डोळे मिटून, ती टाळी भिंतींवरून कशी परत येते ते ऐकायचे, आणि मगच बसायला जायचे. दवाखान्यात टाळी. बँकेत टाळी. माझ्या मोठ्या बहिणीचा साखरपुडा झाला त्या दिवशी आमच्या ओसरीत टाळी. मुलाकडच्यांना वाटलं, ही आमच्याकडची काहीतरी रीत असेल. त्यांच्या मामांनीही उठून एक वाजवली.

एकदा मात्र या टाळीने घात केला. एका सहकारी प्राध्यापकांचे वडील गेले होते आणि नव्या मंगल कार्यालयात शोकसभा होती. सर उशिरा पोचले. वक्ते ‘त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी’ इथपर्यंत आले होते, तेवढ्यात दारातून सरांची टाळी. मागच्या रांगेतल्या पेंगुळलेल्या मंडळींना वाटलं भाषण संपलं, त्यांनीही वाजवल्या. त्यांचं बघून मधल्या रांगांनी वाजवल्या. घरची माणसं वळून बघायला लागली. सर लाल झाले, तसेच पुढे गेले, हात जोडले आणि म्हणाले, “चुकलं माझं. माफ करा.” एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटं बोलायचं नाही हा स्वभाव, म्हणून पुढे म्हणाले, “हॉल मात्र चांगला आहे.”

आमच्या कॉलेजचा हॉल चांगला नव्हता. चारी बाजूंना घडीव दगडाच्या उघड्या भिंती, वर पत्रा, खाली फरशी. इथे सरांनी टाळी वाजवली की ती सात वेळा परत यायची. सर बोटांवर मोजायचे आणि सात झाल्या की सुस्कारा टाकायचे. या हॉलमध्ये कितीएक मान्यवर बोलून गेले, पण पाचव्या रांगेच्या मागे एकाही मान्यवराचं एकही वाक्य कधी पोचलं नव्हतं. पोचायचं ते फक्त ‘वर... वर... वर...’ लोक बोलणाऱ्याचे हात बघून टाळ्या द्यायचे.

माझा प्रवेश कसा झाला ते सांगते. आमचं गाव राहुरीच्या पुढे, वडिलांची पिठाची गिरणी. बारावीनंतर मुलाखतीला आले तेव्हा माझ्या आधीची मुलं हार्मोनियम, तबला, गिटार असं काय काय वाजवून दाखवत होती. मला यातलं काही येत नव्हतं. मी आपली भिंतीला धरून उभी. सरांनी विचारलं, “घरात सगळ्यात जास्त आवाज कशाचा?”

“गिरणीचा.”

“ज्वारी दळताना आणि बाजरी दळताना आवाज वेगळा येतो?”

“येतो की. बाजरी सरसर जाते. ज्वारी आधी तडतडते. आणि गव्हात खडा असला तर वडलांच्या आधी मला कळतं.”

सरांनी शेजारच्या मॅडमकडे पाहिलं. “हिचं झालं,” म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “अहो, पण हिला गाता येतं का विचारा तरी.” सर म्हणाले, “गाणारे नगरमध्ये रग्गड आहेत. ऐकणारी आज पहिली आली.” माझ्याबद्दल इतकं चांगलं तोवर कोणी बोललं नव्हतं. मी बाहेर येऊन जिन्यात रडले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी. आमचा स्टुडिओ म्हणजे सायकल स्टँडमागची जुनी खोली. तिथे कॉम्प्युटर होता, पण पहिले सहा महिने त्याचा पडदा फडक्याने झाकलेला. “डोळे चुगलखोर असतात,” सर म्हणायचे, “कानाचं काम कानाला करू द्या.” यंत्रांना त्यांनी घरची नावं ठेवली होती. आवाजातला कोंडा काढायची ती चाळण. घुमारा देणारं यंत्र म्हणजे विहीर. कोणी बोलत नसेल तेव्हा माईक बंद ठेवणारा तो वॉचमन. आणि कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर चढला की दाबून धरणारं यंत्र, त्याचं नाव सासू.

ही नावं डोक्यात इतकी बसली की पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ‘कॉम्प्रेसरचे कार्य स्पष्ट करा’ या प्रश्नाला मी बिनदिक्कत लिहून आले : ‘सासू ही आवाजाची मर्यादा ठरवते. मर्यादेच्या आत सून कितीही बोलली तरी सासू दखल घेत नाही. मर्यादा ओलांडताच ती चारास एक या प्रमाणात दाबते. सासूने किती झटकन दाबावे व किती वेळाने सोडावे, हे ज्या त्या गाण्यावर अवलंबून असते.’ पेपर तपासायला पुण्याचे परीक्षक होते. घरी आल्यावर मला दरदरून घाम फुटला. निकाल आला तेव्हा त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण होते आणि समासात लाल पेनने लिहिलं होतं, ‘अचूक. स्वानुभव?’ मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, “सासू शिकाया कालिजात कशाला जाया पायजे? घरात हाय की.” आतून आजी खाकरली आणि आई एकदम खालच्या पट्टीत आली. चारास एक म्हणजे काय ते मला त्या दिवशी पुरतं समजलं.

पण सरांचा सगळ्यात कडक नियम होता तो माईक तपासण्याचा. जगात सगळीकडे लोक माईकपुढे जाऊन ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणतात. आमच्याकडे हॅलो म्हणायला बंदी. सर मागून विचारायचे, “काय जेवलास?” किंवा “काय जेवलीस?” आणि आपण आज काय खाल्लं ते माईकवर सांगायचं. खरं खरं. “पंधरा वर्षं गावोगाव हॅलो केलं मी,” सर सांगायचे, “एका माणसानं उलट ओ दिली नाही. हॅलो म्हणताना माणूस नुसता आवाज काढतो. जेवणाचं सांगताना बोलतो. मला बोलणाऱ्याचा आवाज पाहिजे.” त्यामुळे आमच्या विभागातून दिवसभर ‘मेथीची भाजी, दोन पोळ्या, लोणचं’ असं काहीबाही ऐकू यायचं आणि बी.एस्सी.ची मुलं आम्हाला ‘खानावळ’ म्हणायची.

यातली खरी मेख मला फार उशिरा कळली. पारनेरकडून रोज येणारा आमच्यातला एक जण माईकवर एकदा म्हणाला, “भाकरी, पिठलं, कांदा.” सर लगेच म्हणाले, “केबल कमी पडतेय. कॅन्टीनच्या पलीकडं इलेक्ट्रिकवाल्याकडनं घेऊन ये, चल, मीही येतो.” दोघं अर्ध्या तासाने परतले. केबल आणली नव्हती, आणि त्या मुलाच्या मिशीला मिसळीचा रस्सा होता. उपाशी माणसाचा आवाज घशातून येतो, पोटातून येत नाही, हे सरांना ऐकू यायचं. त्यानंतर केबल बऱ्याचदा कमी पडायची. कधी कधी मलाही आणायला जावं लागलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीनंतर एक दिवस प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की विद्यापीठाची समिती येतेय आणि आपला कोर्स बहुधा बंद होईल. मुलं जेमतेम अकरा, स्टुडिओ सायकल स्टँडमागे, आणि कामाचा दाखवण्याजोगा पुरावा कुठेच नाही. अकरा जणांना बी.कॉम.ला वर्ग करून घेऊ. सर तासिका तत्त्वावर होते. तास नाही तर सर नाहीत. म्हणजे आम्हाला निदान दुसरा बाक मिळणार होता, सरांना कॉलेजच्या फाटकातून आत यायचं कारणच उरणार नव्हतं. प्राचार्य वाईट नव्हते. त्यांना रिकाम्या खोल्या आणि भरलेले वर्ग आवडायचे, एवढंच.

सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “समितीची बैठक आपल्या हॉलमध्ये घ्या.”

“त्या हॉलमध्ये कुणाला काही ऐकू येत नाही, सर.”

“म्हणूनच म्हणतोय.”

त्या दिवशी आमच्या वर्गात सर आले, टाळी वाजवायची विसरले. तेवढ्यावरूनच आम्हाला कळलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, “हॉल सात वेळा बोलतो. त्याला एकदा बोलायला शिकवायचंय. आवाज गिळायला मऊ, जाड, थरांचं कापड लागतं. बाजारात मिळतं ते आपल्याला झेपणारं नाही. घरी गोधड्या किती आहेत?”

थंडी सुरू झालेली. राहुरीकडे उसाच्या रानातून गारवा घरात शिरतो तेव्हा गोधडी मागणं म्हणजे माणसाच्या अंगावरचं मागणं. आई म्हणाली, “तुजं सर खुळं हाय का?” मी म्हटलं, थोडे आहेत. “आनि वाकळा भितीला पांघरनार? भितीला थंडी वाजती?” मी म्हटलं, आई, हे जमलं नाही तर मला बी.कॉम.ला बसवतील. वडील गिरणी बंद करून आले, हात झटकले, आणि ती हिरव्या काठाची गोधडी स्वतः घडी घालून पोत्यात भरली. “पंधरा दिस,” आई म्हणाली. “सोळावा दिस न्हाई.” मग शेजारच्या काकूंकडच्या दोन आल्या, गल्लीतल्या तीन आल्या. अकरा घरांतून, अकरा गल्ल्यांतून अशा चौसष्ट. एसटीच्या टपावर, टेम्पोत, दुधाच्या गाडीत बसून गोधड्या नगरला आल्या.

त्या भिंतीला चिकटवायच्या नव्हत्या. सर म्हणाले, “वीतभर लांब टांगा. भिंत आणि गोधडीच्या मधे आवाज फिरून फिरून दमला पाहिजे.” कोपऱ्यांत आवाज दबा धरून बसतो, म्हणून तिथे भुस्सा भरलेली पोती उभी केली. भुश्शापाठोपाठ उंदीर आले. उंदरांपाठोपाठ मांजर आली आणि स्टेजखाली व्याली. रोज संध्याकाळी सर टाळी वाजवायचे आणि बोटं मोजायचे. सात. मग सहा. डावी भिंत पूर्ण झाल्यावर चार. पिल्लांचे डोळे उघडले तोवर आम्ही दोनवर आलो होतो.

बैठकीच्या आदल्या दिवशी प्राचार्य हॉलमध्ये आले. भिंतींकडे एकदा बघितलं. मग स्टेजवर चढले, समोर माईक चालूच होता, आणि त्यांनी आम्हाला झाडायला सुरुवात केली. “हे कॉलेज आहे का लमाणांचा तळ?” इथपासून जी सुरुवात झाली ती दहा मिनिटं चालली. शेवटच्या रांगेत शिपाई मामा झाडू घेऊन उभे होते. त्यांची सगळी नोकरी या हॉलच्या शेवटच्या रांगेत उभं राहून गेली होती. मामांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. प्राचार्य थांबल्यावर ते पुढे आले आणि अगदी आदराने म्हणाले, “सायेब, तुमी रागावताय व्हय? आजपत्तुर आमाला वाटायचं, तुमी पोरांना आशीर्वाद देताय.”

सरांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. प्राचार्य स्टेजवरून उतरले ते सरळ ऑफिसात गेले. गोधड्या काढा, असं मात्र म्हणाले नाहीत.

पण त्याच संध्याकाळी मामांनी मला बाजूला घेतलं. ते ऑफिसात चहा द्यायला गेले होते. “पोरी, कागुद तयार हाय,” ते म्हणाले, “तुमचा कोर्स बंद म्हनून. टायपिंग बी झालंय. सही ऱ्हायलीय निस्ती. उंद्या मटनाचं जेवान हाय कमिटीला, जेवले की सही.” मी हे कोणाला सांगितलं नाही. सरांना तर नाहीच. त्या रात्री अंगावर गोधडीही नव्हती आणि झोपही नव्हती.

समिती बारा वाजता येणार होती. सुप्यापासून रस्ता मोकळा मिळाला म्हणून साडेदहालाच येऊन थडकली, आणि हे आम्हाला कोणीच कळवलं नाही. समितीच्या अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांच्या एक मॅडम. ऑफिसात चहा ठेवला होता, पण त्या म्हणाल्या, आधी हॉल बघू, आणि मागच्या दाराने आत आल्या. त्यांच्यामागे दोन सदस्य, प्राचार्य, मामा.

स्टेजवर मी एकटी. सर पडद्यामागे शिडीवर चढून शेवटची गोधडी बांधत होते. आम्हा दोघांनाही हॉलचं मागचं दार दिसत नव्हतं. तिकडे अंधार होता. सरांनी शिडीवरूनच विचारलं, “काय जेवलीस?”

मी माईकपुढे गेले. “बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. डब्यातही तेच. चहा मिळाला नाही, कॅन्टीनवाला समितीच्या मटणात अडकलाय.”

“आवाज घशातून येतोय,” सर म्हणाले. “काय झालंय? खरं बोल.”

माईकपुढे खोटं बोलायचं नाही हा नियम मी दोन वर्षांत एकदाही मोडला नव्हता. मी म्हणाले, “सर, ते मटण खाऊन झालं की समिती आपला कोर्स बंद करणार आहे. पत्र टाइप करून ठेवलंय, फक्त सही राहिलीय. मग आपण हे कशाला करतोय? माझ्या आईने थंडीत गोधडी दिली. मला बी.कॉम.ला जायचं नाही, सर. मला इथंच शिकायचंय.”

पडद्यामागे शिडी करकरली. मग हॉलच्या पार मागून, अंधारातून, एका बाईचा आवाज आला.

“मी मटण खात नाही.”

मॅडम मधल्या वाटेने पुढे आल्या. प्राचार्यांचा चेहरा मी बघितला नाही, बघायची हिंमत नव्हती. मॅडमनी आधी उजव्या भिंतीकडे पाहिलं, मग डाव्या, मग वर पत्र्याकडे. “या हॉलमध्ये मी दोनदा येऊन गेलेय,” त्या म्हणाल्या. “एकदा तर प्रमुख पाहुणी होते. माझं स्वतःचं भाषण मला कळलं नव्हतं. आज दारात उभी राहून भरताची वांगीसुद्धा कळली. हे कोणी केलं?”

पडद्यातून सर बाहेर आले. दातांत सुतळी, डोक्यावर भुस्सा. त्यांनी सुतळी काढून खिशात ठेवली आणि म्हणाले, “गोधड्यांनी.”

“पत्राचं मला काही माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या, आणि प्राचार्यांकडे न बघता म्हणाल्या. “मी सही करते ती स्वतःच्या कानांनी ऐकून. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसते. तुम्ही माईकवर बोला. घरात बोलता तेवढंच, हळू.”

तेव्हा आमच्या लक्षात आलं की सरांना आम्ही कधी माईकपुढे उभं राहिलेलं पाहिलंच नव्हतं. सगळं आयुष्य माईकच्या मागे गेलेलं. बाकीची दहा मुलंही तोवर धावत येऊन कडेला उभी राहिली होती. सर माईकपर्यंत गेले, त्याची उंची सारखी केली, मान वर केली, आणि त्यांना शब्दच सुचेना. मॅडम वाट बघत होत्या. सदस्यांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. सरांचे ओठ हलले आणि मला स्पष्ट दिसलं की ते आता ‘हॅलो’ म्हणणार. इतक्या वर्षांची बंदी स्वतःच मोडणार. मला ते सहन झालं नाही. मी स्टेजच्या कडेवरून विचारलं,

“सर, काय जेवलात?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलाय. खरंच होतं ते. शेकडो जणांना त्यांनी तो विचारला असेल. त्यांना कोणी विचारला नव्हता. मग अगदी खालच्या आवाजात, चुलीपुढे बसून घरच्या माणसाशी बोलावं तसे म्हणाले,

“काल सकाळपास्नं काय न्हाई. घासच उतरंना. पोरांचं कसं व्हायचं म्हनून... भ्या वाटत हुतं.”

एवढंच. तो आवाज एकदा गेला, सबंध हॉलभर गेला, आणि कुठेही परत आला नाही. दुसरं ‘हुतं’ नाही, तिसरं नाही. आमच्यातल्या एकीला हुंदका आला, तर तोही सगळ्यांना ऐकू आला. कितीदा मला मिसळ खाऊ घालणाऱ्या या माणसाला आपण दोन वर्षांत एकदाही हे विचारलं नाही, याची मला फार लाज वाटली.

शेवटच्या रांगेत मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांच्यापुढे माईक नव्हता. त्यांनी आवाजही चढवला नाही. बसल्या जागेवरून नेहमीसारख्या बोलल्या,

“मग आधी जेवून घ्या, सर. सही मी नंतर करते. पत्र मात्र नवीन टाइप करायला सांगा.”

आणि स्टेजवर आम्हाला शब्द न् शब्द ऐकू आला.

आता कोणाही साध्या माणसाने यावर हात जोडले असते, डोळे पुसले असते, निदान आभार तरी मानले असते. सरांनी यातलं काही केलं नाही. पत्राचं आपलं काय झालं, हे त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नसावं. त्यांना ऐकू आलं होतं ते एवढंच की शेवटच्या रांगेतून, माईकशिवाय, एका बाईचं साधं बोलणं स्टेजपर्यंत आलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला अजून तो दिसतो. “लई ग्वाड,” ते पुटपुटले. दोन पावलं पुढे आले, हात वर केले आणि एक टाळी वाजवली. खणखणीत. मग मान तिरपी केली, डोळे मिटले आणि मोजायला एक बोट उभं केलं.

मामांना वाटलं, सोहळा झाला. त्यांनी झाडू काखेत मारला आणि टाळ्या वाजवायला लागले. मग आम्ही अकरा जण. मग ते दोन सदस्य. मग मॅडम उठून उभ्या राहिल्या, आणि सगळ्यात शेवटी, इकडेतिकडे बघत, प्राचार्य. स्टेजखालची मांजर पिल्लू तोंडात धरून बाहेर पळाली. हॉल भरून टाळ्या वाजत होत्या आणि त्यांच्या मधोमध सर दोन्ही हात हलवत, कळवळून ओरडत होते,

“आरं थांबा! थांबा की जरा! मला ऐकू द्या!”

कोणीही थांबलं नाही.